निर्वासित, आश्रयदाती गावे आणि आपला व्यापारीवर्ग
(एक घाऊक धान्य व्यापारी, कारापूर, तालुका डिचोली)



आपल्या व्यापारी मंडळाच्या वार्षिक स्मरणिकेत भावतावाचे, करांचे व वाहतुकीचे प्रश्न नेहमी चर्चिले जातात आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र एका निराळ्या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधावे अशी आमची इच्छा आहे. युद्ध, छळ अथवा राज्यक्रांती यांमुळे घरदार सोडून परमुलखात आलेल्या लोकांना मदत कशी करावी, आणि ज्या गावात ते येऊन उतरतात त्या गावाचे काय करावे, हा तो विषय होय. आम्ही पंडित नव्हे. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, पुढील सारी विद्या तराजू, खातेवही आणि गुदाम यांनी शिकविली. परंतु हा प्रश्न अखेरीस अन्नाचा, मजुरीचा, उधारीचा व बाजारभावाचा आहे. आणि त्याविषयी चार शब्द बोलण्याचा अधिकार धान्याच्या व्यापाऱ्यास असावा असे आम्हास वाटते.

प्रथम प्रश्नाचा आवाका पाहू. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक कार्यालयाने प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणे २०२४ सालच्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसे बळाने विस्थापित झालेली होती. त्यांतील बरीचशी आपल्याच देशाच्या हद्दीत इकडून तिकडे गेलेली, तर उरलेली सीमा ओलांडून गेलेली. जी सीमा ओलांडून गेली त्यांतील सुमारे दोनतृतीयांश लगतच्याच देशात राहिली आहेत. निर्वासित दूरच्या श्रीमंत देशांत जातात अशी आपली समजूत असते; वस्तुस्थिती अशी की त्यांचा मोठा भार शेजारच्या, बहुधा स्वतःच ओढगस्तीत असलेल्या मुलखावर पडतो. जो दार उघडतो त्याच्या घरी पुष्कळदा स्वतःलाच पुरेल एवढे धान्य नसते.

आमचे म्हणणे थोडक्यात असे की, मदत करताना आपली दृष्टी केवळ आलेल्यांवर राहते. ज्यांनी जागा दिली त्यांच्याकडे ती वळत नाही. आणि मदतीचा आपला हातही ठराविक पद्धतीनेच पुढे होतो. पोती भरावी, ट्रक पाठवावा, छायाचित्र घ्यावे. या दोन्ही गोष्टी बदलल्या पाहिजेत.

निर्वासितांचा विषय आपल्या डिचोली महालास परका आहे असे कोणी समजू नये. पोर्तुगिजांनी १५१० साली तिसवाडी घेतली आणि १५४३ साली बारदेश व साष्टी त्यांच्या ताब्यात गेली. पुढील काळात देवळे पाडली गेली. १५६० साली गोव्यात इन्क्विझिशनची स्थापना झाली आणि मधला अल्पसा खंड सोडता ती संस्था १८१२ पर्यंत चालली. त्या काळी असंख्य कुटुंबे रातोरात आपले देव उचलून नदीपलीकडे गेली. कुशस्थळीचा मंगेश प्रियोळास गेला, केळशीची शांतादुर्गा कवळ्यास गेली, वेरण्याची म्हाळसा म्हार्दोळास आली. आणि आमच्या डिचोलीत दिवाडी बेटावरचा सप्तकोटेश्वर नार्व्याच्या अलीकडच्या तीरावर येऊन राहिला. श्रीशिवछत्रपतींनी १६६८ साली त्याच्या देवळाचा जीर्णोद्धार करविला. अलीकडे २०२३ साली त्याच वास्तूचे पुन्हा एकवार नूतनीकरण झाले, हे आपणांपैकी अनेकांनी डोळ्यांनी पाहिले आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी हे महाल पोर्तुगिजांच्या हाती गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात. तोवर दोन शतकांहून अधिक काळ हा टापू पळून आलेल्यांचा आसरा होता. न्यायबुद्धीने हेही सांगितले पाहिजे की बाटलेली ख्रिस्ती कुटुंबेसुद्धा पुढे कर, धाकदपटशा व लढाया यांना कंटाळून मोठ्या संख्येने दक्षिणेस कानडा मुलखात गेली. मंगळूरकडील कोकणी ख्रिस्ती समाज हा त्यांचाच वंशविस्तार होय. निर्वासितपण जातिधर्म पाहून येत नाही.

आता एक गोष्ट विचारात घ्यावी. जे देव आले त्यांची नावे आपणांस पाठ आहेत. जी घराणी आली त्यांच्या वंशावळी छापलेल्या आहेत. परंतु ज्या गावकऱ्यांनी देवळास जागा दिली, आलेल्या कुटुंबांस पहिल्या पावसाळ्यात खोपटे बांधू दिले, आपल्या विहिरीवर पाणी भरू दिले, त्यांची नावे कोणत्या ग्रंथात आहेत? एखाद्या देवस्थानच्या मानपानात एखाद्या घराण्यास नारळ मिळतो, तेवढीच काय ती आठवण. इतिहासात आश्रयदाता नेहमीच अनामिक राहतो. आणि जो अनामिक राहतो त्याच्या नावाची पावतीही कोणी फाडत नाही.

दुसरे उदाहरण घाटावरचे, आणि आपल्या धंद्याशी जवळचे. कोल्हापूर-मिरज लोहमार्गावर वळिवडे नावाचे गाव आहे. दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत सत्तेने पोलंडच्या पूर्वभागातील लक्षावधी माणसे सैबेरिया व कझाकस्तान येथे नेऊन टाकली होती. १९४१ सालच्या करारानंतर त्यांतील काही सुटली व इराणमार्गे बाहेर पडली. त्यांतील मुलांना नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी १९४२ साली बालाचडी येथे आसरा दिला, ही हकिकत प्रसिद्ध आहे. त्यानंतर १९४३ साली वळिवड्यास मोठी वसाहत उभी राहिली. तेथे सुमारे पाच हजार पोलिश माणसे १९४८ पर्यंत राहिली; त्यांत बायका, मुले व वृद्धच अधिक. शाळा होत्या, इस्पितळ होते, प्रार्थनामंदिर होते. आमच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट निराळीच आहे. त्या कुटुंबांना भत्ता मिळे, स्वयंपाक ज्याचा तो करी, आणि भाजी, दूध, किराणा हा माल आसपासचे विक्रेते पुरवीत. म्हणजे आलेल्यांना दिलेला पैसा त्याच पंचक्रोशीत फिरत राहिला. भाषा कळत नव्हती, अन्न निराळे होते, रीतिरिवाज निराळे होते. तरीही पाच वर्षांत वैर उत्पन्न झाले नाही. त्याचे श्रेय कोल्हापूरकरांच्या दिलदारपणास आहेच. पण ज्या रीतीने मदत दिली गेली त्या रीतीसही काही श्रेय द्यावे लागेल.

पोलिश मंडळी गेली आणि त्याच जागेवर फाळणीनंतर आलेली सिंधी कुटुंबे वसविण्यात आली. आज त्या ठिकाणास गांधीनगर म्हणतात. कोकण, गोवा व उत्तर कर्नाटकातील कापडविक्रेत्यांना गांधीनगरची घाऊक पेठ ठाऊक नाही असे होणार नाही. एकाच जमिनीने दोन वेळा निर्वासित पोसले, आणि दुसऱ्या वेळी त्या निर्वासितांनी तीच जमीन व्यापाराने भरून काढली. पोलंडने ते उपकार विसरले नाहीत. २०१९ साली वळिवड्यास स्मारकस्तंभ उभारला गेला तेव्हा तेथे पूर्वी राहिलेली वृद्ध माणसे मायदेशाहून मुद्दाम आली होती. आणि २०२४ च्या ऑगस्ट महिन्यात आपल्या पंतप्रधानांनी वॉर्सा येथील कोल्हापूर स्मारकास पुष्पांजली वाहिली. कोल्हापूर संस्थानातील एका खेड्याच्या औदार्याचे स्मारक पोलंडच्या राजधानीत असावे, ही गोष्ट आमच्या मते एखाद्या जिंकलेल्या लढाईहून कमी मोलाची नव्हे.

सिंधी बांधवांचेच दुसरे उदाहरण कल्याणच्या छावणीचे. महायुद्धासाठी बांधलेल्या लष्करी बराकीत फाळणीनंतर लाखाच्या आसपास माणसे येऊन पडली. १९४९ च्या ऑगस्ट महिन्यात गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते त्या वस्तीस उल्हासनगर असे नाव मिळाले. आजही तेथील पत्ता कॅम्प नंबर एक ते पाच असाच सांगितला जातो. शिध्यावर बसून राहण्यापेक्षा लोकलगाडीत फेरी करणे त्यांनी पसंत केले. पापड, गोळ्या, कापडाचे तुकडे, जे मिळेल ते विकले. ‘शरणार्थी’ हा शब्द त्यांना रुचत नसे. ‘पुरुषार्थी’ म्हणा, असे ते म्हणत. मूठभर भांडवल आणि बसावयास जागा मिळताच त्यांनी पेठ उभी केली. या हकिकतीत स्थानिक दुकानदारांना चुरस सोसावी लागली हे नाकारण्यात अर्थ नाही. थोड्या नफ्यावर माल खपविणारा नवा माणूस शेजारी आला की जुन्या पेढीस घाम फुटतो. परंतु दहा-वीस वर्षांचा हिशेब मांडला तर अशा ठिकाणी गिऱ्हाईक वाढले, पेठ मोठी झाली व जुन्या पेढ्याही तरल्या, असेच पुष्कळ ठिकाणी आढळते.

तिसरे उदाहरण तिबेटी लोकांचे. १९५९ साली दलाई लामा भारतात आले व त्यांच्यामागून हजारो माणसे आली. त्यांच्या वसाहतींपैकी म्हैसूरजवळील बायलकुप्पे १९६० साली आणि आपल्या गोव्यापासून फार लांब नसलेले कारवार जिल्ह्यातील मुंडगोड १९६६ च्या सुमारास वसले. महाराष्ट्रातही गोंदिया जिल्ह्यात त्यांची वसाहत आहे. हिवाळा लागला की स्वेटर व शाली मांडून बसलेली ही कुटुंबे आपण गावोगावी पाहतो. तो माल येतो कोठून? बहुतेक लुधियानाहून. आणि तो येतो उधारीवर. हंगामाच्या आरंभी तेथील कारखानदार माल देतात, हंगामाच्या शेवटी तिबेटी विक्रेते रक्कम चुकती करतात. ज्यांच्यापाशी तारण ठेवण्यास जमीन नाही, घर नाही, नागरिकत्वही नाही, अशा माणसांना केवळ शब्दावर माल मिळतो आणि तो व्यवहार पिढ्यान्‌पिढ्या चालतो. आम्ही तर म्हणू की निर्वासितांना आजवर मिळालेल्या साहाय्यांत हे सर्वांत सन्मानाचे साहाय्य होय. आणि ते कोणा धर्मादाय संस्थेने दिलेले नसून व्यापाऱ्यांनी धंदा म्हणून दिलेले आहे.

आता आमच्या खास विषयाकडे, म्हणजे धान्याच्या हिशेबाकडे, वळू. संकटकाळी माणशी रोज २१०० कॅलरीचे अन्न मिळावे असे मान आंतरराष्ट्रीय संस्थांनी ठरविले आहे. त्यात धान्य सुमारे ४०० ग्रॅम धरले, तर हजार माणसांस दिवसाला चार क्विंटल, म्हणजे ५० किलोची आठ पोती लागतात. महिन्यास १२० क्विंटल झाले. पाणी माणशी किमान १५ लिटर धरले, तर रोजचे पंधरा हजार लिटर. शिवाय सरपण. आमच्या कारापुरासारख्या गावात, वाळवंटीच्या काठी, उद्या हजार माणसे येऊन उतरली असे क्षणभर समजावे. पहिले दोन दिवस गावकरी भात-आमटी करून वाढतील. त्याविषयी आम्हास शंका नाही. चौथ्या दिवशी विहिरीचे पाणी खाली जाईल. पंधराव्या दिवशी जवळच्या रानातील लाकूड तुटेल. महिन्याने मजुरीचा दर उतरेल, कारण काम तेवढेच आणि हात दुप्पट. त्याच सुमारास तांदळाचा भाव चढेल, कारण माल तेवढाच आणि तोंडे दुप्पट. ज्याच्या घरी विकण्याजोगे भात आहे त्यास चार पैसे अधिक मिळतील. परंतु जो रोजंदारीवर जगतो आणि बाजारातून किलोकिलोने तांदूळ घेतो त्यास दोन्ही बाजूंनी फटका बसेल. आश्रयाचा खरा खर्च हाच माणूस सोसतो. देणगीदारांच्या यादीत मात्र तो कधीही नसतो.

आता यावर उपाय म्हणून आपण बाहेरून फुकट पोती ओतली तर काय होते? पहिल्या पंधरवड्यात ती जीव वाचवितात; तेव्हा त्यांस पर्याय नाही. परंतु तीच रीत सहा महिने चालविली की उलटा परिणाम होतो. निर्वासित कुटुंबास मीठ, तेल, औषध, मुलाच्या पायात चप्पल हेही हवे असते. हाती रोकड नसल्याने ते मिळालेले धान्य अर्ध्या भावाने विकतात. गावचा भाव पडतो. स्थानिक शेतकऱ्याचे भात गुदामात पडून राहते. म्हणजे मदतीने आश्रयदात्याचा मजूर बुडाला नाही तर शेतकरी बुडतो. म्हणून धान्य केव्हा द्यावे व रोकड केव्हा द्यावी हा तारतम्याचा प्रश्न आहे, आणि तो बाजार ओळखणाऱ्यानेच सोडवावयाचा आहे.

जगात या दिशेने काही चांगले प्रयोग झालेले आहेत. सीरियातील युद्धामुळे जॉर्डन देशात आलेल्या निर्वासितांना जागतिक अन्न कार्यक्रम ही संस्था आरंभी तयार अन्न व शिधा देत असे; पुढे कुपने व नंतर रक्कम भरलेली कार्डे देण्यात आली. झातरी येथील छावणीत २०१६ पासून डोळ्याच्या बुबुळाची खूण तपासून दुकानातून माल देण्याची सोय झाली. स्त्री आपल्या पसंतीने डाळ घेते, तांदूळ घेते. आणि विक्री तेथील दुकानदारांची होते. आफ्रिकेतील युगांडा हा देश श्रीमंत नव्हे. तरी त्याने सतरा लाखांहून अधिक निर्वासितांना थारा दिला आहे, त्यांना राहण्यास व कसण्यास जमिनीचे तुकडे दिले आणि काम करण्याची मुभा दिली. तेथील एक नियम आमच्या मनात फार भरला. निर्वासितांच्या नावे जी मदत येईल तिच्यातील शंभरास तीस वाटा आश्रय देणाऱ्या गावांसाठी ठेवावा, असे तेथे धोरण आहे. नवी विहीर खणली तर ती दोघांची. शाळा बांधली तर दोघांची मुले एका बाकावर. २०२५ साली निधीअभावी तेथील अन्नमदत मोठ्या प्रमाणावर कापावी लागली, हीही वस्तुस्थिती आहे. परंतु शिधा कापला तरी विहीर व शाळा जागेवर राहतात, हा त्या नियमाचा लाभ.

याउलट बांगलादेशाचा अनुभव पाहावा. २०१७ च्या ऑगस्टपासून काही महिन्यांत सात लाखांवर रोहिंग्या म्यानमारमधून कॉक्स बाजार जिल्ह्यात आले. उखिया व टेकनाफ या दोन तालुक्यांत स्थानिकांपेक्षा आलेल्यांचीच संख्या अधिक झाली. सरपणासाठी डोंगर उघडे पडले, तेव्हा २०१८ पासून निर्वासितांना व आसपासच्या गावकऱ्यांना स्वयंपाकाचा गॅस वाटण्याची व्यवस्था करावी लागली. त्यांना बाहेर काम करण्याची मोकळीक नसल्याने सारा संसार शिध्यावर. आणि शिधा तर परक्याच्या मर्जीवर. २०२३ साली माणशी दरमहा १२ डॉलरचा शिधा प्रथम १० व नंतर ८ डॉलरवर आणावा लागला. ज्याला हातपाय असून कमावता येत नाही त्याच्या ताटातील घास दूरच्या एखाद्या कचेरीत कमी होतो. अशी स्थिती माणसास लाचार करते, आणि आश्रय देणाऱ्यासही कडवट करते.

आपल्या देशातील परंपरा या बाबतीत हिणकस नाही. १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी माणसे आपल्या सीमेत आली. त्या वेळी आम्ही शाळेत जात होतो. प्रत्येक पत्रावर पाच पैशांचे ‘निर्वासित साहाय्य’ असे जादा तिकीट लावावे लागे. त्यावर पाठीशी संसार घेतलेल्या कुटुंबाचे चित्र होते. पाच पैसे ही रक्कम लहान. परंतु सीमेपासून हजार कोस दूर असलेल्या माणसासही तिने या कर्तव्यात सामील करून घेतले. अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०२१ मध्ये म्यानमारात लष्कराने सत्ता घेतल्यावर तीस हजारांहून अधिक चिन लोक मिझोराममध्ये आले. तेथील खेड्यांनी, प्रार्थनामंदिरांनी व यंग मिझो असोसिएशनसारख्या संस्थांनी त्यांना सांभाळले. मिझोराम हे लहान राज्य. त्याच्या धान्याचा मोठा भाग बाहेरून येतो. तरी त्यांनी दार लावून घेतले नाही.

येथे एक कायदेशीर खुलासा आवश्यक आहे. निर्वासितांविषयीचा १९५१ सालचा आंतरराष्ट्रीय करार व १९६७ सालची त्याची पुरवणी यांवर भारताने सही केलेली नाही. कोणास राहू द्यावे, कोणास परत धाडावे, हे केंद्र सरकार ठरविते. आणि देशाच्या सुरक्षिततेचा विचार त्यात असणे साहजिकच आहे. व्यापाऱ्याने त्यात ढवळाढवळ करण्याचे कारण नाही. परंतु कागद तपासणे हे सरकारचे काम असले, तरी उपाशी मुलास जेवू घालणे हे कोणत्याही काळी बेकायदा ठरलेले नाही. या दोन गोष्टींची गल्लत करू नये.

काही सभासद मित्र म्हणतात, ‘आपले स्वतःचे गरीब काय कमी आहेत? त्यांना सोडून परक्यांकडे कशाला पाहावे?’ हा आक्षेप आम्ही हलका मानीत नाही. तो बहुधा त्याच माणसाच्या तोंडून येतो ज्याने स्वतः गावच्या गरिबांसाठी काही केलेले असते. त्यावर आमचे उत्तर असे की, मदतीचा तीस टक्के वाटा आश्रयदात्या गावास दिला की हा आक्षेपच उरत नाही. आपला गरीब व परका गरीब हे दोन पक्ष होतात ते एकाच विहिरीवर दोघांची रांग लागते म्हणून. दुसरी विहीर खणली की रांगही मोडते आणि भांडणही मोडते. दुसरा आक्षेप असा की उधारी दिली आणि माणूस निघून गेला तर? धंद्यात अशी भीती नेहमीच असते. आपल्या वह्यांत बुडीत खाती ज्यांची आहेत ती सर्व स्थायिक, घरदार असलेल्या मंडळींचीच आहेत ना, हे ज्याने त्याने आपली वही उघडून पाहावे.

आणि आपणांपैकी बहुतेकांचे पूर्वज तरी येथे कोठून आले? कोणी घाट उतरून आले, कोणी समुद्रमार्गे आले, कोणी मारवाडातून, कोणी कच्छातून, कोणी कोल्हापूर-बेळगावकडून. ते निर्वासित नव्हते, हे खरे. परंतु परके होतेच. त्यांना कोणी ओटीवर दुकान मांडू दिले, कोणी पहिल्या वर्षीचे भाडे थांबविले, कोणी भात देऊन पैसे दिवाळीस घेतले. आजही चोर्ला घाटातून येणारा माल साखळीच्या पेठेत उतरतो, तो त्या जुन्या विश्वासाच्या पायावरच. कच्छ-भद्रेश्वरच्या जगडूशहाची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. विक्रम संवत १३१३ ते १३१५ या तीन वर्षांच्या दुष्काळात त्याने धान्याची कोठारे खुली केली, आणि ‘हे धान्य गरिबांचे आहे’ अशा अर्थाचे ताम्रपट त्या कोठारांत आधीच ठेवलेले होते, असे कथा सांगते. या कथेत दानाइतकीच पूर्वतयारी महत्त्वाची आहे. संकट आल्यावर पोती शोधण्यास निघणारा तो नव्हता.

येथे एक अप्रिय गोष्ट बोलावी लागते. संकटकाळी मदतीच्या नावाखाली न खपलेला, किडका, ओल लागलेला माल पुढे करण्याची प्रवृत्ती व्यापारी जगात क्वचित दिसते. आणि भाव चढणार असे दिसताच माल आत ओढण्याची प्रवृत्ती तर त्याहून अधिक दिसते. एका हाताने फलकावर नाव घालून दान द्यावयाचे आणि दुसऱ्या हाताने त्याच गावात किलोमागे चार रुपये चढवावयाचे, हा हिशेब कोणत्याही वहीत जमत नाही. संकटाच्या महिन्यात आदल्या दिवसाचा भाव कायम ठेवणारा दुकानदार आमच्या मते शंभर पोती वाटणाऱ्यापेक्षा मोठा दाता आहे. कारण त्याच्या दानाचा लाभ आलेल्यासही होतो आणि गावकऱ्यासही होतो.

सबब, मंडळाच्या कार्यकारिणीने पुढील गोष्टींचा विचार करावा अशी आमची नम्र सूचना आहे.

पहिली : मंडळाच्या मदतनिधीतून, देशात कोठेही, विस्थापितांसाठी जी रक्कम जाईल तिच्यातील शंभरास तीस रुपये आश्रय देणाऱ्या गावाच्या विहिरीस, शाळेस अथवा दवाखान्यास द्यावे, आणि तसे ठरावात स्पष्ट लिहावे.

दुसरी : पहिले पंधरा दिवस धान्य पाठवावे, तेही आपण स्वतः घरी खाऊ अशाच प्रतीचे. त्यानंतर धान्य शक्य तो त्याच भागातील शेतकऱ्यांकडून व दुकानदारांकडून विकत घेऊन द्यावे. आपल्या ट्रकाचे भाडे वाचेल आणि तेथील पेठ जगेल.

तिसरी : विस्थापित कुटुंबातील ज्यांना काही विक्री करावयाची आहे, शिवण, सुतारकाम, फेरी, खानावळ, त्यांना लहान रकमेचा माल उधारीवर देण्यासाठी निधीतील एक भाग राखून ठेवावा. त्याला दान म्हणू नये. खाते म्हणावे व खात्याप्रमाणेच वसूल करावे. माणसाचा मान त्यातच राहतो.

चौथी : सभासदांपैकी कोणापाशी संकटकाळी रिकामे करता येईल असे गुदाम आहे, कोणाचा ट्रक आहे, कोण तोलाई व वाटप सांभाळू शकेल, याची यादी आधीच तयार असावी. २०२१ च्या जुलैमध्ये सत्तरी व डिचोली भागात पूर आला तेव्हा घरे सोडावी लागलेल्या कुटुंबांना शेजारच्या वाड्यांनीच प्रथम सांभाळले. विस्थापन परदेशातच होते असे नव्हे; ते आपल्या नदीच्या काठीही होते.

पाचवी : देणगीच्या फलकावर आपल्या नावाआधी आश्रय देणाऱ्या गावाचे नाव लिहावे.

ह्या सूचनांत खर्च वाढविणारे काही नाही. आहे तोच पैसा अधिक विचाराने घालावा, एवढेच त्यात आहे. दरवर्षी आपण निधी गोळा करतो, दरवर्षी तो जातो, आणि तो कोणाच्या पोटात गेला व कोणाच्या पोटावर आला हे पाहण्यास आपण थांबत नाही. चोख मालक गुदामातील मालाची वर्षातून एकदा मोजदाद करतो. दानधर्माची मोजदादही तशीच व्हावी.

येत्या वार्षिक सभेत हा विषय पत्रिकेवर घ्यावा, आणि ज्यांना आमचे म्हणणे पटत नसेल त्यांनी तेथे निःसंकोच विरोध मांडावा, अशी विनंती करून हा लेख पुरा करतो. जय जिनेंद्र.